स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचा प्रकार थांबावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या अंगणात गाडी जॅकवर चढवून पुढच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापायच्या आणि गाडी दीड-दोन इंच खाली बसवायची, हा प्रकार आमच्या भागात बराच बोकाळला आहे. गॅरेज चालवणारा माणूस म्हणून याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. गाडी देखणी दिसावी या हौसेला माझा विरोध नाही. स्वतःच्या हाताने गाडी खोलणाऱ्या मुलांचे तर मला कौतुकच वाटते. पण ही मुले जिवाशी खेळत आहेत.

छोट्या मोटारींना पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकच जोड. स्प्रिंग त्यात दाबून बसवलेली असल्यामुळे वरचा नट सोडण्यापूर्वी ती स्प्रिंग कॉम्प्रेसर या आवळायच्या हत्याराने दोन्ही बाजूंनी सारखी आवळून घ्यावी लागते. हे हत्यार घरी नसते, म्हणून कोणी तिला तारेने बांधून नट फिरवतो. तार तुटली तर स्प्रिंगचे टोक जिच्यात बसते ती वरची वाटी उसळून तोंडावर येते. कोणी स्प्रिंग गाडीवरच ठेवून गॅसने तापवतो. आच लागलेल्या जागी पोलादाचे पाणी, म्हणजे त्याची कसदार ताकद, उतरते आणि पुढे एखाद्या खड्ड्यात ती नेमकी तिथेच मोडते.

कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, उलट ताठ होते. सहा वेढ्यांपैकी एक कापला, तर तिचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, मात्र शॉकअ‍ॅब्सॉर्बर जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. खाली-वर होण्याची जागा कमी झाल्याने गाडी प्रत्येक गतिरोधकावर रबरी बंपस्टॉपवर आदळते. चाक खड्ड्यात लोंबकळले की आखूड स्प्रिंग वाटीत सैल पडते, आणि तिचे कापलेले टोक मूळ खाचेत नीट बसत नसल्यामुळे ती जागेवरून सरकू शकते. शिवाय लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) व टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) यांचे कोन बदलल्याने चाक उसळताच स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढले जाते. ओल्या घाटात ब्रेक लावताना याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती टायरची. अनेक छोट्या गाड्यांत अलाइनमेंट करताना, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, पुढे फक्त टो (चाकांची तोंडे सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली) जुळवता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवण्याची सोयच नसते. त्यामुळे गाडी खाली बसल्यावर वरून आत झुकलेली चाके तशीच राहतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून नक्षी शाबूत दिसते, पण चाक उतरवल्यावर आतल्या बाजूला पोलादी तारा उघड्या पडलेल्या आढळतात. तशा टायरवर लोक द्रुतगती मार्गावर कुटुंबासह निघतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ (४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु रस्त्यावरच्या तपासणीत सायलेन्सर आणि काळ्या काचा दिसतात, स्प्रिंग दिसत नाही. पीयूसीला केवळ धूर तपासला जातो, आणि खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असल्याने तोपर्यंत तिच्या खाली कोणी वाकूनही पाहत नाही. अशा गाडीचे पोट नेहमी पाहणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे अलाइनमेंटवाला. माझी या व्यावसायिक बांधवांना कळकळीची विनंती आहे, की कापलेली स्प्रिंग दिसताच त्यांनी काम नाकारावे आणि ग्राहकाला ती हाताने दाखवून कारण सांगावे. परिवहन विभागानेही त्यांना तशा लेखी सूचना द्याव्यात.

ज्यांनी स्प्रिंगा आधीच कापल्या आहेत, त्यांनी मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंना एकदमच बसवाव्यात, स्ट्रटचे वरचे माउंट व बंपस्टॉप तपासून घ्यावेत, आणि अलाइनमेंट झाल्याशिवाय गाडी महामार्गावर नेऊ नये.

आपला,
एक गॅरेजचालक, कोल्हापूर