‘इंजिनीअरांचे राज्य’ आणि न विचारलेला प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनच्या प्रगतीविषयी मराठीत बोलणे सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर येते : तिथे इंजिनीअर राज्य करतात, म्हणून तिथे कामे होतात. हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे आणि उरलेला अर्धा भाग सांगायचा राहून गेल्यामुळे त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी हे थोडे लांबलेले पत्र.

आधी त्यातील खरा भाग. १९८२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोची, म्हणजे सर्वोच्च नेतृत्वमंडळाची, जी स्थायी समिती निवडली गेली, तिच्यात हू याओबांग, ये जियानयिंग, डेंग झियाओपिंग, झाओ झियांग, ली शियाननियान आणि चेन युन हे सहा जण होते. क्रांतीत आणि युद्धात घडलेली ही माणसे. त्यांच्यापैकी एकाकडेही अभियांत्रिकीची पदवी नव्हती. बरोबर वीस वर्षांनी, २००२ मध्ये निवडलेल्या स्थायी समितीत नऊ सदस्य होते आणि नऊच्या नऊ जण अभियंते म्हणून शिकलेले होते. सरचिटणीस हू जिंताओ जलविद्युत अभियांत्रिकीचे, वेन जियाबाओ भूगर्भशास्त्राचे, वू बांगगुओ रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचे, तर लुओ गान पूर्व जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणकाम महाविद्यालयात शिकलेले. त्यांच्या आधीचे जियांग झेमिन हे विद्युत अभियंता आणि ली पेंग हे मॉस्कोत शिकलेले जलविद्युत अभियंता. राज्यकर्त्या वर्गाची घडण इतक्या थोड्या काळात इतकी पालटल्याची उदाहरणे फार सापडणार नाहीत.

परंतु हे घडले कसे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. १९५२ मध्ये चीनने सोव्हिएत नमुन्यावर आपल्या उच्च शिक्षणाची पुनर्रचना केली. समाजशास्त्र हा विषयच विद्यापीठांतून काढून टाकला गेला आणि तो १९७९ पर्यंत परतला नाही. कायद्याच्या आणि मानव्यविद्यांच्या शिक्षणाला मोठी कात्री लागली, तर तंत्रशिक्षणाच्या संस्था झपाट्याने वाढल्या. बीजिंगचे त्सिंगहुआ हे सर्वांगीण विद्यापीठ या फेररचनेत निव्वळ अभियांत्रिकीचे झाले. पुढच्याच वर्षी तिथे राजकीय समुपदेशकांची पद्धत सुरू झाली : निवडक हुशार विद्यार्थ्यांनी अभ्यासाबरोबरच सहाध्यायांच्या राजकीय शिक्षणाचीही जबाबदारी उचलायची. दोन्ही खांद्यांवर ओझे वाहणारे, असे त्यांचे वर्णन केले जाई. माओंच्या काळातील ‘लाल (म्हणजे पक्षनिष्ठ) आणि तज्ज्ञ’ या घोषणेतला माणूस इथे घडवला जात होता, आणि हू जिंताओ स्वतः असेच एक समुपदेशक होते. म्हणजे नंतरच्या काळात सत्तेवर आलेली पिढी अभियंत्यांची असणे ओघानेच आले, कारण त्या पिढीतील हुशार मुलाला शिकण्यासाठी दुसरे फारसे काही शिल्लकच ठेवलेले नव्हते.

सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांनी देश खिळखिळा झाल्यानंतर डेंग यांनी कार्यकर्त्यांसाठी चार कसोट्या पुढे आणल्या : ते क्रांतिनिष्ठ असावेत, वयाने तरुण, सुशिक्षित आणि आपल्या विषयात जाणकार असावेत. वृद्ध सेनानींना निवृत्त करून पक्षाच्या संघटन विभागाने देशभरातून नवी माणसे शोधली. हे काम निःसंशय मोठे होते आणि त्याचे श्रेय नाकारण्याचा माझा हेतू नाही. मात्र चार कसोट्यांतील पहिली कोणती होती, ते लक्षात घ्यावे. ज्ञान हवे होते, पण निष्ठेच्या चाळणीतून खाली उतरलेले ज्ञान हवे होते. त्या चाळणीत कोण अडकले, हे पाहिल्याशिवाय तंत्रज्ञांच्या उदयाची गोष्ट पुरी होत नाही.

त्सिंगहुआच्या ज्या जलअभियांत्रिकी विभागात हू जिंताओ १९५९ मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, त्याच विभागात हुआंग वानली नावाचे प्राध्यापक होते. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून परतलेले, नद्यांच्या गाळाचा अभ्यास केलेले. पीत नदीवर सानमेन्शिया येथे सोव्हिएत तज्ज्ञांच्या आराखड्यानुसार प्रचंड धरण बांधायचे ठरले, तेव्हा १९५७ च्या तज्ज्ञ-बैठकीत त्यांनी जवळजवळ एकट्याने विरोध केला. या नदीचा गाळ अडवला तर तो जलाशयात आणि वरच्या खोऱ्यात साचेल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि धरण बांधायचेच असेल तर निदान गाळ वाहून जाऊ देणारी तळाची द्वारे बुजवू नका, एवढी त्यांची शेवटची विनंती होती. ती मानली गेली नाही. त्याच वर्षी, विद्यापीठाच्या नियतकालिकात लिहिलेल्या एका टीकात्मक लेखावरून त्यांच्यावर ‘उजवे’, म्हणजे पक्षविरोधी, असा शिक्का बसला आणि पुढची दोन दशके त्यांच्या वाट्याला अवहेलना आणि अंगमेहनत आली. धरणात १९६० मध्ये पाणी अडवले गेले, दोन वर्षांच्या आत जलाशय गाळाने भरू लागला, वेई या उपनदीचे पात्र वर चढून शिआन शहराच्या परिसराला पुराचा धोका निर्माण झाला आणि अखेर मोठा खर्च करून तीच तळाची द्वारे पुन्हा उघडावी लागली.

एकाच विभागातील या दोन माणसांकडे पाहिले की माझा मुद्दा स्पष्ट व्हावा. विषयाचे ज्ञान प्राध्यापकाकडे अधिक होते. सत्ता विद्यार्थ्याला मिळाली. हू जिंताओ यांच्या कर्तृत्वाला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. गान्सूसारख्या खडतर प्रांतात त्यांनी धरणाच्या बांधकामावर काम केले होते, हे खरेच आहे. पण ज्या व्यवस्थेने त्यांना वर नेले, तिने नदी जाणणाऱ्याला गप्प केले होते.

पुढे यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणाच्या वेळी हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला. व्यवहार्यता तपासण्यासाठी नेमलेल्या ४१२ तज्ज्ञांपैकी ९ जणांनी अहवालावर सही करण्यास नकार दिला. स्वतः जलविद्युत खाते सांभाळलेले आणि एकेकाळी माओंचे सचिव असलेले ली रुई विरोधात होते. विरोधी तज्ज्ञांची मते १९८९ मध्ये पुस्तकरूपाने लोकांसमोर आणणाऱ्या पत्रकार दाई छिंग याही मूळच्या अभियांत्रिकीच्याच पदवीधर. त्या वर्षीच्या जूनमधील तिआनमेन चौकातील दडपशाहीनंतर त्यांना सुमारे दहा महिने तुरुंगात काढावे लागले आणि त्यांच्या पुस्तकावर बंदी आली. एप्रिल १९९२ मध्ये, ली पेंग पंतप्रधान असताना, राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेत ठराव मांडला गेला तेव्हा १७६७ मते बाजूने पडली, १७७ विरोधात आणि ६६४ सदस्य तटस्थ राहिले. एकमताची सवय असलेल्या त्या सभागृहात हा आकडा किती बोलका आहे, हे वेगळे सांगायला नको. हुआंग वानली तोवर ऐंशी ओलांडलेले होते. त्यांनी केंद्रीय नेत्यांना पुन्हा पुन्हा पत्रे लिहिली. २००१ मध्ये ते वारले. धरणाने २२,५०० मेगावॉटची क्षमता उभी केली आणि बारा लाखांहून अधिक लोकांना आपली गावे सोडावी लागली. विस्थापितांचे पुनर्वसन, पर्यावरण आणि भूस्खलन यांबाबत तातडीने सोडवावे लागतील असे प्रश्न आहेत, हे चीनच्या मंत्रिमंडळाने मे २०११ मध्ये स्वतः मान्य केले.

मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण मात्र धरणांचे नाही. लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याची गरज १९५७ मध्ये मांडणारे अर्थतज्ज्ञ मा यिनचू यांच्यावर इतकी राळ उडवली गेली की १९६० मध्ये त्यांना पेकिंग विद्यापीठाचे प्रमुखपद सोडावे लागले. समाजशास्त्र बंद, लोकसंख्याशास्त्र बोलायची सोय नाही. त्यामुळे १९७९ मध्ये या विषयाकडे पुन्हा वळण्याची वेळ आली, तेव्हा संगणक आणि गणित हाताशी असलेली मंडळी होती ती क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणशास्त्रातील. सोंग जियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांनंतर देशाची लोकसंख्या ६५ ते ७० कोटी असावी असे गणित मांडले आणि तिथवर पोहोचण्याचा मार्ग म्हणून प्रत्येक जोडप्याला एकच मूल हे उत्तर काढले. वास्तविक १९७० च्या दशकातच, उशिरा लग्न आणि दोन मुलांत अंतर यांवर भर देणाऱ्या मोहिमेमुळे, जननदर दर स्त्रीमागे सुमारे सहा मुलांवरून तीनच्या खाली आलेला होता. तरीही सप्टेंबर १९८० मध्ये पक्षसदस्यांना उद्देशून खुले पत्र निघाले आणि ते धोरण पस्तीस वर्षे चालले. क्षेपणास्त्राला मन नसते, कुटुंब नसते, म्हातारपण नसते; खेड्यातील बाईला ते सर्व असते. सक्तीचे गर्भपात, नकोशा ठरलेल्या मुली आणि आता वेगाने वृद्ध होणारा समाज, हे त्या समीकरणात कुठेही नव्हते. २०१६ पासून दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी मिळाली. २०२२ मध्ये चीनची लोकसंख्या साठ वर्षांत प्रथमच घटली.

कोणी म्हणेल की झू रोंगजी यांचे काय? तेही त्सिंगहुआचे विद्युत अभियंता आणि पंतप्रधान म्हणून त्यांनी केलेल्या आर्थिक सुधारणांना तोड नाही. मी त्यांचा आदरच करतो. पण झू यांनाही १९५८ मध्ये, अवास्तव विकासदरावर टीका केल्याबद्दल, ‘उजवे’ ठरवून पक्षातून काढले होते आणि वीस वर्षे बाहेर ठेवले होते. १९९८ च्या पुरात जिउजियांगचा बांध फुटला तेव्हा त्याच्या निकृष्ट बांधकामाला सोयाबीनचा चोथा म्हणणारा हा पंतप्रधान पदवीमुळे घडला की त्या वीस वर्षांमुळे, याचा विचार वाचकांनी करावा.

शी जिनपिंग यांच्या काळात चित्र पुन्हा बदलले. ते स्वतः रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर असले तरी १९७५ मध्ये प्रवेशपरीक्षा न देता, कामगार-शेतकरी-सैनिक विद्यार्थी म्हणून शिफारशीवर त्सिंगहुआत गेलेले. २०१२ च्या स्थायी समितीत अर्थशास्त्र, कायदा, इतिहास शिकलेले लोक आले. मग २०२२ च्या पॉलिटब्युरोत तंत्रज्ञांची नवी लाट दिसली : अंतराळ कार्यक्रमातून आलेले मा शिंगरुई आणि युआन जियाजुन, अणुअभियांत्रिकीचे ली गानजिए, शस्त्रास्त्र उद्योगातील झांग गुओछिंग. अमेरिकेशी तंत्रज्ञानाची स्पर्धा पेटली असताना ही निवड समजण्यासारखी आहे. त्याच सुमारास शीचांग उपग्रह प्रक्षेपण केंद्रात अनेक दशके काम केलेले अभियंते ली शांगफू मार्च २०२३ मध्ये संरक्षणमंत्री झाले, ऑक्टोबरमध्ये पदावरून गेले आणि पुढच्या वर्षी भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पक्षातून काढले गेले. अंतराळात उपग्रह सोडण्याचे कौशल्य हा सचोटीचा दाखला होऊ शकत नाही, आणि सचोटी तपासणारी स्वतंत्र वृत्तपत्रे व न्यायालये तिथे नाहीत.

चीनच्या पक्षाचे पुढचे महाअधिवेशन २०२७ मध्ये अपेक्षित आहे. त्या वेळी नव्या नेत्यांच्या पदव्यांची यादी आपल्या पानांवर येईलच. माझी विनंती इतकीच, की त्या यादीशेजारी आणखी एक चौकट असावी : त्या नेत्यांच्या विषयांतील कोणत्या तज्ज्ञांनी गेल्या पाच वर्षांत ‘नाही’ म्हटले, आणि ते सध्या कुठे आहेत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक