नाकात खुंटी असलेला उंट रानटी कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लडाखमधल्या नुब्रा खोऱ्यावरचा प्रवासलेख वाचला. लेख सुरेख आहे. तक्रार आहे ती सोबतच्या छायाचित्राखालच्या ओळीबद्दल. ‘नामशेष होण्याच्या मार्गावर असलेला दोन मदारींचा रानटी उंट’ असे तिथे छापले आहे. चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. उंटाच्या नाकात लाकडी खुंटी आहे, खुंटीला लाल दोरी आहे आणि दोन मदारींच्या मध्ये बसायला जाड घोंगडी टाकली आहे. ज्याला वेसण घातली तो बैल रानगवा नसतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळते. मग नाकात खुंटी असलेला उंट रानटी कसा झाला?

मी पशुवैद्यकीय खात्यात उभी हयात घालवली, ती खिलार बैलांच्या आणि मेंढरांच्या संगतीत. सांगोल्यात बसून गोबीच्या वाळवंटातल्या उंटांबद्दल लिहिणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे, हे कबूल. पण ही चूक एकट्या आपल्या पुरवणीची नाही. फिरायला जाऊन आलेल्यांच्या तोंडी, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात, सगळीकडे तीच ऐकू येते. आणि तिच्यामुळे दोन वेगळ्या जनावरांची दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली झाकली जातात. म्हणून हा पत्रप्रपंच.

जगातल्या दर दहा उंटांपैकी नऊहून अधिक एका मदारीचे असतात. राजस्थान-कच्छमधले आणि विदर्भात मेंढरांबरोबर येणाऱ्या रबाऱ्यांचे उंट ते हेच. उरलेले दोन मदारींचे. (मदारीत पाणी नसते, चरबी असते. उपाशी जनावराची मदार रिकाम्या पिशवीसारखी एका अंगाला लोळते.) या दोन मदारीवाल्यांतच पुन्हा दोन जाती आहेत, आणि खरी गंमत तिथे आहे. एक पाळीव. त्याचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागावरून पडले. महाभारतात ज्याला बाल्हीक देश म्हटले आहे तोच हा मुलूख. दुसरा खरोखरचा रानटी. रशियन लष्करी अधिकारी आणि प्रवासी प्रझेवाल्स्की याने 1878 मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे कितीतरी वर्षे शास्त्रज्ञ म्हणत राहिले, की हे कोणाचे तरी सुटून रानात गेलेले पाळीव उंट असणार. डीएनए तपासल्यावर तो वाद मिटला. दोघांच्या वाटा सात लाख ते अकरा लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या आहेत. माणसाने पहिला उंट बांधला तो फार तर पाच-सहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे रानटी उंट हा पाळीव उंटाचा बापही नव्हे; फार तर लांबचा चुलता.

जाणकाराला दोघे नुसत्या नजरेने वेगळे काढता येतात. रानटी उंट अंगाने सडपातळ, पायाने काटक, वाळूच्या रंगाचा. त्याच्या मदारी लहान आणि टोकदार, एकमेकींपासून अंतर राखून असलेल्या. डोक्याची कवटी चपटी; मंगोलियात त्याला ‘हावत्गाई’ म्हणतात, त्या शब्दात हा चपटेपणाच आहे. पाळीव उंट त्यापेक्षा भारदस्त, मदारी मोठ्या, मानेखाली आणि मांड्यांवर केसांचे झुबके. पाळीव उंटांतही प्रदेशागणिक वाण आहेत. मंगोलियात गाल्बा गोबीचा तांबडा, चीनकडे अल्शा आणि सुनीत, रशियात धिप्पाड काल्मिक. कझाकस्तानात एका मदारीचा आणि दोन मदारींचा असा संकर करतात, त्याला ‘नार’ म्हणतात. तो आई-बापापेक्षा थोराड निघतो आणि त्याच्या पाठीवर एकच लांबोडकी मदार असते. संकरित गाईंमागे चाळीस वर्षे धावलेल्या माझ्यासारख्याला याचे नवल वाटत नाही. पहिल्या पिढीत जोम येतो, पुढे तो टिकत नाही.

आता नुब्राकडे. हुंदरच्या वाळूत मीही त्या उंटावर बसलो आहे. जूनचा महिना होता. अंगावरची हिवाळी लोकर जाजमाच्या चिंध्यांसारखी सुटून लोंबत होती. आमच्या वाट्याला आलेल्या मादीची पुढची मदार डावीकडे कलली होती. खात्यातली सवय जात नाही, मी तिचे दात पाहायला गेलो. उंटवाला हसून म्हणाला, ‘साब, बूढ़ी है, पर चलती है.’ रांगेत मुंबई-पुण्याची निम्मी माणसे. वाळूत एक फेरी, फोटो, उतरा, पुढचे बसा. जनावराला मध्ये उसंत नव्हती.

हे उंट नुब्रात आले व्यापाराच्या वाटेने. चीनच्या शिंजियांग प्रांतातल्या यारकंदहून काराकोरम खिंड ओलांडून लेहपर्यंत तांडे यायचे. 1949 नंतर शिंजियांगमध्ये सत्ता बदलली, सरहद्द बंद झाली आणि सरहद्दीच्या अलीकडे राहिलेली जनावरे नुब्रातच राहिली. बरीच वर्षे त्यांना कोणी विचारत नव्हते. नदीकाठच्या सीबकथॉर्नच्या काटेरी झुडपांत चरत ती अर्धवट मोकळी हिंडायची. पर्यटक आले, तशी त्यांना पुन्हा किंमत आली. अलीकडे लष्करालाही ती हवीशी झाली आहेत. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या लेहमधल्या प्रयोगशाळेने चाचण्या घेतल्या, तेव्हा या उंटांनी 170 किलोपर्यंत ओझे घेऊन 17,000 फुटांवर चाल केली. त्या उंचीवर मोकळ्या हाताने चाललेल्या माणसालाही धाप लागते.

पण त्यांची गणती अजून शेकड्यांतच आहे. इतक्या थोड्या जनावरांत बाहेरचे रक्त आले नाही, तर काय होते ते कोणत्याही पशुपालकाला विचारा. मादी तेरा महिने गाभण राहते आणि साधारण दोन वर्षांत एकदा पिल्लू देते, म्हणजे कळप वाढायचा वेगही बेताचाच. यांचे दुखणे हे आहे: नराची निवड, चराऊ कुरणे आणि ओझ्याचा हिशेब. बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या उंटांचाही अभ्यास केला आहे. तेव्हा त्यांना ‘वन्यजीव’ म्हणून हळहळण्यापेक्षा पशुसंवर्धनाचा विषय म्हणून हाताळावे, एवढेच माझे म्हणणे. पाळीव दोन मदारीवाला जगातून नाहीसा होत चाललेला नाही. एकट्या मंगोलियात असे उंट चार लाखांच्या वर आहेत.

तिथल्या पशुपालकांची एक रीत वाचली, ती मनातून जात नाही. वीण अवघड गेली की उंटीण कधी कधी पिल्लाला झिडकारते. मग पिल्लाला तिच्याशेजारी बांधतात, जवळ बसून टोकाला घोड्याचे डोके कोरलेले तंतुवाद्य वाजवतात आणि तेच ते आर्जवाचे सूर आळवत राहतात, ती वास घेऊन पिल्लाला कासेला लागू देईपर्यंत. 2015 मध्ये युनेस्कोने या रीतीची नोंद तातडीने जपण्याजोग्या वारशात केली. आपल्याकडे पान्हा चोरणाऱ्या म्हशीपुढे पेंढा भरलेले वासराचे कातडे ठेवत, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपली युक्ती फसवणुकीची, त्यांची मनधरणीची. दूध दोन्हीकडे उतरते म्हणा.

खरा रानटी उंट मात्र हजाराच्या आत राहिला आहे. उत्तर-पश्चिम चीनमधले तक्लामकान वाळवंट, लोप नूर या आटलेल्या सरोवराच्या अवतीभवतीचा गाशुन गोबी, अल्तुन पर्वताचा पायथा, आणि मंगोलियातला 1975 पासून राखीव असलेला महान गोबीचा ‘अ’ विभाग. बाकी जगात कुठेही नाही. भारतात नाही, लडाखमध्ये नाही. गाशुन गोबीत गोड्या पाण्याचा थेंब मिळत नाही. तिथले उंट झऱ्यांचे समुद्राहून खारट पाणी पिऊन जगतात. पाळीव उंट त्याला तोंड लावत नाही. याच लोप नूर भागात चीनने 1964 ते 1996 या काळात 45 अणुचाचण्या केल्या. उंट त्यातूनही तगले. उलट चाचण्यांमुळे तिथे माणूस फिरकत नव्हता, हीच त्यांची ढाल ठरली. चाचण्या थांबल्या, माणसाला वाट मोकळी झाली आणि सोन्याच्या मागे लागलेले बेकायदा खाणवाले आणि शिकारी आत शिरले.

दुसरा शत्रू त्याहून चिवट आहे, तो म्हणजे पाळीव भाऊबंद. गोबीच्या कडेला पाळीव कळप चरतात, रानटी नर त्यांतल्या माद्यांवर जातो, मिश्र संतती पुन्हा रानात मिसळते. बंदुकीवाल्याला पकडता येते. रक्तातली सरमिसळ डोळ्यांना दिसत नाही, तिला प्रयोगशाळाच लागते. त्यात चीन-मंगोलिया सरहद्दीवर कुंपण, म्हणजे इकडचा कळप तिकडच्याला भेटणे बंद. जॉन हेअर या ब्रिटिश गृहस्थांनी 1997 मध्ये या एका जनावरासाठी संस्था उभी केली. तिने 2004 पासून मंगोलियात झाखिन उस इथे शुद्ध रक्ताच्या रानटी उंटांचे प्रजनन केंद्र चालवले, आणि तिथे वाढलेले काही उंट परत वाळवंटात सोडलेही. हेअर 2022 मध्ये गेले.

नुब्रातल्या उंटाला ‘रानटी’ म्हटले की वाचक सहलीला जातो, त्यावर बसतो आणि दुर्मीळ रानटी उंट पाहिला असे समजून परततो. मग हजाराच्या आत उरलेला तो खरा प्राणी कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी ती ओळ दुरुस्त करावी, ही विनंती. आणि खऱ्या रानटी उंटाचे छायाचित्र कधी हाती आलेच, तर ते धूसर असेल आणि उंट पाठमोरा असेल. माणसाची चाहूल लागताच मैलोन्‌मैल पळणारे जनावर आहे ते. तरी छापा.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
सांगोला, जि. सोलापूर