स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांना

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
तान्हा पोळा

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान म्हटलं की आमच्या भागातल्या लोकांना कळेलच. पण पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी जुलैमध्ये मी बीसीए सोडायच्या विचारापर्यंत आले होते आणि हे घरच्यांनाही माहीत नव्हतं.

दुसरं वर्ष सुरू झालं होतं, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचे प्रॅक्टिकल लागले होते. घरी भावानं घेतलेला जुना लॅपटॉप होता. मैत्रिणीनं पेनड्राइव्हवर जेडीके १७ ची, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम बनवायच्या साधनांची, झिप दिली. ती सी ड्राइव्हमध्ये उघडली, नोटपॅडमध्ये पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत जावासी, म्हणजे प्रोग्रॅम कंपाइल करायची कमांड, टाइप केलं. उत्तर आलं, 'इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड'. ज्याला विचारावं तो म्हणे, नीट टाकलं नसशील, पुन्हा टाक. मी पुन्हा टाकलं. डी ड्राइव्हमध्ये टाकलं, डेस्कटॉपवर टाकलं, डाउनलोड्समध्ये टाकलं. तीन आठवडे रोज रात्री तीच ओळ. वर्गात बाकीच्यांचे प्रोग्रॅम चालायचे आणि मी वही उघडून खाली मान घालून बसायचे.

तुमच्या दुकानात मी खरं तर परीक्षेचा फॉर्म भरायला आले होते. पीक विम्याचे दिवस होते. सातबारा, आधार, पासबुक हातात धरून माणसं थेट रस्त्यापर्यंत उभी होती. लॅपटॉप पिशवीत होता म्हणून भीत भीत विचारलं. मला वाटलं, तुम्ही तो ओढून घ्याल, चार बटणं दाबाल आणि 'झालं' म्हणाल. तुम्ही हातही लावला नाही. एका काकांच्या ओटीपीची वाट पाहत, मान न वळवता म्हणालात, "वाच बरं मोठ्यानं, काय म्हणून राह्यला तो."

मी वाचलं. तुम्ही मराठीत सांगायला लावलं. मी म्हटलं, "जावासी नावाची कमांड मला ओळखता येत नाही, असं म्हणतो."

"मंग यात जावा खराब हाय असं कुठी लिहिलं?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीन आठवडे मी ती ओळ बघत होते, वाचली त्या दिवशी.

मग तुम्ही विचारलंत, आमच्या घरी इळा, म्हणजे विळा, कुठे असतो. मी सांगितलं, ओसरीतल्या खुंटीला, नाही तर कोठ्यात, नाही तर सांदवाडीत. "अन् लहान्या भावाले इळा आणाले पाठवला त तो कुठी पाह्यते?" याच तीन जागी. "अन् इळा वावरातल्या झोपडीत राह्यला असला त?" मी म्हटलं, येऊन सांगेल, इळा नाही म्हणून. तुम्ही ओटीपी टाकता टाकता म्हणालात, "पाथ म्हणजे त्या पोराले सांगितलेल्या जागा. बस."

दादा, त्यानंतर मी पाथबद्दल पुष्कळ वाचलं. पाथ व्हेरिएबलमध्ये ठेवायची आजची पद्धत १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधून आली, हेही वाचलं. पण कोणत्याही पानानं मला तुमच्या त्या वाक्याहून जास्त समजावलं नाही. कमांड टाइप केली की विंडोजची ती काळी खिडकी आधी आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथे बघते, मग पाथमधले फोल्डर एकामागून एक धुंडाळते. पहिल्या ठिकाणी सापडलं की तिथेच थांबते, पुढे बघत नाही. माझ्या लॅपटॉपवर मी चार ठिकाणी जावा टाकलं होतं आणि त्यातलं एकही ठिकाण यादीत नव्हतं.

तीन कॉपी तुम्ही डिलीट करायला लावल्या. मग स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट शोधून पाथ बदलायची खिडकी उघडली. वरच्या चौकटीत युजर व्हेरिएबल्स, खालच्या चौकटीत सिस्टिम व्हेरिएबल्स. मी वरच्या पाथमध्ये जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता टाकला. तुम्ही विचारलंत, "जावासी त्या फोल्डरात हाय, का त्याच्या आतल्या बिनमधे?" बिनमध्ये. मग पत्ताही बिनपर्यंतच हवा. जावा होम नावाचं दुसरं व्हेरिएबल मात्र बिनच्या अलीकडे थांबतं. हा फरक मी तिथेच पेनानं तळहातावर लिहिला.

तरी चाललं नाही, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तुम्ही पाहिलं असेल, पण बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, ती जुनी खिडकी बंद कर आणि नवी उघड. उघडताना जी यादी हाती मिळते तीच घेऊन खिडकी शेवटपर्यंत बसते, नंतर बदललेलं तिला कळत नाही. नवी उघडली आणि जावासी चाललं. एकही ओळ न छापता कर्सर खाली आला. काहीच न छापणं म्हणजे सगळं बरोबर, हेही मला तेव्हाच कळलं.

पण प्रोग्रॅम चालवायला गेले तर नवीन एरर. जावासीनं बनवलेल्या क्लास फाइलची आवृत्ती ६१, आणि हे जावा ५२ पर्यंतच ओळखतं. आता मी न सांगता मोठ्यानं वाचलं. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. लॅपटॉपच्या आधीच्या मालकानं कधीतरी जावा ८ टाकलं होतं आणि त्याचा पत्ता सिस्टिमच्या यादीत होता. विंडोज सिस्टिमची यादी आधी धरतं, युजरची नंतर जोडतं. त्या जुन्यात जावासी नव्हतंच, म्हणून ते माझं नवीन सापडत होतं. प्रोग्रॅम चालवणारं जावा मात्र जुनंच पुढे येत होतं. 'व्हेअर जावा' टाइप केल्यावर दोन्ही पत्ते एकाखाली एक दिसले, जुना वर, नवा खाली. "खुंटीवर गंजलेला इळा हाय, चांगला मागं सांदवाडीत. पोट्टं पह्यलेच खुंटीचा घेऊन येते," तुम्ही म्हणालात. मी नवा पत्ता खालच्या चौकटीत टाकला आणि 'मूव्ह अप' दाबत अगदी वर नेला. तिथेच दोन पत्ते असे सापडले की ते फोल्डरच आता नव्हते. तुम्ही म्हणालात, "हे शकुंतलेसारखं झालं. स्टेशन हाय, गाडी नाही." शकुंतला म्हणजे आमच्याकडची बंद पडलेली छोटी रेल्वे. ते पत्ते काढून टाकले.

प्रोग्रॅमनं माझं नाव छापलं. रांगेतले एक आजोबा वाकून स्क्रीनकडे पाहत होते. ते म्हणाले, "हे त तुहं नाव हाय ना बाई?"

घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मले नाई लागत शोधाले. मले ठाव रायते इळा कुठी हाय." मी हसले आणि विसरले. डिसेंबरमध्ये आईचं तेच वाक्य कामी आलं.

कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज नाही, उबंटू लिनक्स आहे. तिथे पत्त्यांमध्ये अर्धविराम नाही, कोलन घालायचा. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या नावातच कोलन असतो, म्हणून तिथे अर्धविराम, हे तुम्ही आधी सांगितलं होतं. कोलन मी बरोबर टाकला. पण एक्स्पोर्ट पाथ लिहिताना शेवटी डॉलर पाथ जोडायचं राहिलं. म्हणजे जुन्या यादीत भर घालायच्या ऐवजी मी जुनी यादी पुसून तिथे एकटं जावा ठेवलं. आणि ते खिडकी उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये लिहून ठेवलं, त्यामुळे प्रत्येक नवी खिडकी तशीच उघडू लागली. फायलींची यादी दाखवणारं एलएस चालेना, फाइल लिहायचं नॅनो चालेना. मला वाटलं लॅबचा कॉम्प्युटर गेला. बाहेर व्हरांड्यात येऊन तुम्हाला फोन लावला. मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

"घाबरू नोको. काई मोडलं नाई. आधी वाच."

वाचलं. उबंटूनंच लिहिलं होतं की एलएस स्लॅश बिनमध्ये आहे, पण बिन पाथमध्ये नाही. तुम्ही म्हणालात, "मंग तुह्या मायसारखं कर. तिले इळा शोधा लागत नाही, पत्ता पाठ हाय तिले." स्लॅश बिन स्लॅश एलएस. सगळ्या फायली समोर आल्या. मग स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश नॅनो असं पूर्ण लिहून तीच फाइल उघडली, डॉलर पाथ जोडलं, नवी खिडकी. दहा मिनिटं. पूर्ण पत्ता दिला तर पाथ लागतच नाही, हे मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

पुण्यातल्या मामेभावाला कंपनीनं मॅकबुक दिलं. त्यानं जुना धडा वाचून बॅश प्रोफाइलमध्ये पाथ लिहिला आणि काही होईना. त्यानं मला फोन केला, दादा. मला! मी आधी शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्रॅम, कोणता ते विचारायला लावलं. झेडशेल. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या खात्याला तोच मिळतो, आणि तो बॅशची फाइल वाचत नाही. ओळ झेडशआरसीत हलवली, झालं. फोनवर त्यालाही मी मोठ्यानं वाचायला लावलं.

एक गोष्ट राहिली. व्हिडिओत पाहून मी वहीत पाथ बदलणाऱ्या सेटएक्स कमांडची ओळ लिहून आणली होती, ती तुम्ही खोडली होती. पाथ लांब असला तर सेटएक्स १०२४ अक्षरांनंतरचं कापून टाकतं. गावातल्या आणखी दोन मुलींच्या वहीत तीच ओळ होती. मी त्यांच्याही वहीतली खोडली आहे.

त्या दिवशी मी शंभराची नोट पुढे केली होती. तुम्ही परीक्षेच्या फॉर्मचे तेवढे घेतले आणि बाकीचे परत दिले. आईच्या ते मनाला लागून आहे. तिनं या उन्हाळ्याच्या कुरडया तुमच्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या आहेत. परवा सकाळच्या यष्टीनं येईन तेव्हा काउंटरवर ठेवून जाईन. डबा रिकामा झाला की सांगा, पण कुरडया परत देऊ नका.

तुमची,
दुसऱ्या वर्षाची ती, आता तिसऱ्या वर्षाला