कोबोल्ड म्हणजे राक्षस नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मुलांच्या पानावर गेमिंगवर लेख होता, त्यात कोबोल्डला, म्हणजे जर्मन लोककथेतून खेळांत आलेल्या छोट्या भुताला, सरळ 'छोटा राक्षस' करून टाकलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझा मुलगा आणि त्याचे मित्र दर शनिवारी आमच्या घोडबंदर रोडच्या घरी हॉलमध्ये फरशीवर नकाशा पसरून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायचा खेळ खेळतात (वीस बाजूंचा फासा सोफ्याखाली गेला की झाडू घेऊन वाकायचं काम माझं). त्यांचा कोबोल्ड म्हणजे पाच हिट पॉइंटवाला (म्हणजे खेळात जीव एवढाच), सरड्यासारखा, पहिल्याच फटक्यात आडवा. आधी त्याचं तोंड कुत्र्यासारखं असायचं, २००० सालच्या तिसऱ्या एडिशनमध्ये तो ड्रॅगनचा भाऊबंद झाला.

पण जर्मन लोककथेतला कोबोल्ड घरात राहतो हो! रात्रीत भांडी घासेल, घोड्यांना खरारा करेल, फक्त त्याचा वाटा चुकवायचा नाही. ग्रिम बंधूंनी १८१६ ला छापलेल्या दंतकथांमध्ये हुडेम्युलेनच्या वाड्यातला हिन्त्सेलमान नावाचा कोबोल्ड आहे, १५८४ पासून तिथे वावरायचा म्हणे, त्याला रोज वाडगाभर गोड दूध आणि त्यात कुस्करलेला पांढरा पाव लागायचा. हे वाचलं आणि मालवणची आजी आठवली, राखणदाराचा (घर-जागा राखणाऱ्या देवाचा) कोंबडा-नारळ द्यायला उशीर झाला की आजोबांना बजावायची, "राखण चुकली तर मगे माका सांगा नको." आमचा राखणदार भांडी घासत नाही एवढाच काय तो फरक.

दुसरा कोबोल्ड खाणीतला, तो मात्र खोडसाळ. सॅक्सनीतल्या खाणकामगारांना चांगलं दिसणारं खनिज मिळायचं, भट्टीत घातलं की चांदी नाही, तांबं नाही, वर आर्सेनिकचा विषारी धूर, मग काय, कोबोल्डने चांदी चोरली म्हणून त्याच्या नावाने शिव्या. पुढे १७३० च्या दशकात स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांटने त्यातला नवीन धातू ओळखला आणि त्या शिवीचंच कोबाल्ट झालं. लेख ज्या मोबाईलवर वाचला त्याच्या बॅटरीतही बहुतेक तेच असेल.

तेव्हा पुढच्या वेळी राक्षस नको, 'घरचा राखण्या' वगैरे काहीतरी लिहा. मुलाला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "बाबा, मग आपल्या राखणदाराचे हिट पॉइंट किती?" शनिवारपर्यंत सांगतो म्हटलंय.

आपला,
एक वाचक, ठाणे (प.)