लोअर आर्मच्या कामासाठी अवजारे: मित्रास पत्र

पुणे

प्रिय मोरेश्वर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडून येणारा 'खट्' असा आवाज आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचे भरकटणे, ही दोन्ही लक्षणे तू नेमकी लिहिली आहेस आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेचे) बुश, म्हणजे रबरी आधार, व बॉल जॉइंट, म्हणजे टोकाचा गोलाकार सांधा, यांच्यावरचा तुझा संशय मला रास्त वाटतो. काम घरी करण्याला माझी हरकत नाही; हरकत आहे ती तू जोडलेल्या अवजारांच्या यादीला. त्यातली निम्मी अवजारे तुझ्या गाडीला लागणारच नाहीत, आणि ज्यांच्यावर हात सैल सोडायला हवा ती तू 'जुनी चालतील' म्हणून बाजूला ठेवली आहेस.

पैसे मोजण्याआधी गाडीखाली जाऊन जोड पाहा. बॉल जॉइंट काही गाड्यांत आर्मला बोल्टने धरलेला असतो, काहींत दाबून बसवलेला, तर काहींत आर्मचाच भाग असतो. तुझी पहिल्या पिढीची स्विफ्ट तिसऱ्या प्रकारातली आहे. तिचा बॉल जॉइंट आर्मपासून वेगळा होत नाही. त्यामुळे यादीत सर्वांत वर लिहिलेला तो इंग्रजी 'सी'च्या आकाराचा, वाट्यांच्या पेटीसह येणारा भारी प्रेस आधी खोडून टाक. दाबून बसवलेला सांधा सर्कलिप (त्याला अडवून धरणारी कडी) काढल्यावर त्याने सुरेख निघतो, पण तुझ्या घरी ती पेटी माळ्यावर पडून राहील.

सेपरेटरचेही तसेच आहे. बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागात) निमुळता बसवलेला असेल तर तो सोडवायला सेपरेटर लागतो. तुझ्याकडे मात्र तो दांडा आडव्या बोल्टने आवळलेला आहे, आणि तो बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जात असल्याने नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नंतर नकलच्या फटीत पाचर किंचित ठोकून आर्म पहारीने खाली दाबला की दांडा सुटतो. टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) एंड मात्र निमुळत्या प्रकारचा असतो. तोही बदलणार असशील तर स्क्रूने दाब देणारा लहान सेपरेटर घे. दुपाखी काटा स्वस्त मिळतो, पण तो सांध्याची रबरी टोपी फाडतो, म्हणून जो सांधा टाकूनच द्यायचा आहे त्यालाच तो लावावा. सेपरेटर लावताना नट पूर्ण काढू नकोस, दोन-चार आट्यांवर राहू दे. नाहीतर सांधा उडून हातावर येतो.

आता मुख्य निर्णय. आवाज बॉल जॉइंटचा निघाला तर बुश व बॉल जॉइंटसह तयार आर्मच घ्यावा. दाबाचे काम मग उरतच नाही आणि तुझी यादी मुख्यतः पाने, जॅक आणि पहार एवढ्यावर येते. बॉल जॉइंट घट्ट असून फक्त बुश फाटले असतील तरच प्रेसचा विचार कर. तेव्हाही विकत घेण्यापेक्षा सुटे आर्म घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जा. कोल्हापुरात राहून घरी वीस टनी प्रेस मांडण्याचा विचार मला तरी पटत नाही. तिथे लेथवाल्याकडून दोन वाट्या मात्र मापाने करून घे. आर्मच्या खाली टेकणाऱ्या वाटीचा आतला व्यास बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे जुना बुश तिच्यात उतरेल. वरून दाबणाऱ्या चकतीचा व्यास मात्र किंचित कमी हवा, म्हणजे ती आर्मच्या भोकाला घासणार नाही. ही मापे व्हर्नियरने घ्यावीत, पट्टीने नव्हे. नवा बुश बसवताना दाब बाहेरच्या लोखंडी कवचावरच पडला पाहिजे. रबरावर किंवा मधल्या नळीवर दाब आला तर नवा बुश बसण्याआधीच खराब होतो.

बुश दाबताना मिस्त्रीच्या शेजारी उभा राहा. कवच पहिल्या काही मिलिमीटरमध्येच तिरके होते. भोकाच्या कडेभोवतीची फट सगळीकडे सारखी दिसत नसेल तर तिथेच थांबवून बुश पुन्हा सरळ करायला सांग. मागच्या बुशच्या रबरात पोकळ चिरा असतील तर त्यांची दिशा ठरलेली असते, म्हणून जुना काढण्यापूर्वी आर्मवर पंचने खूण कर. बसवताना ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नकोस, त्याने रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते. जुने रबर जाळून काढण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. तो धूर घातक असतो.

वाचलेले पैसे आधी जॅक स्टँडवर खर्च कर. तुझी गाडी हजार किलोच्या आसपास आहे. दाते आणि वर अडकवायची पिन असलेले, प्रत्येकी दोन-तीन टनांचे दोन स्टँड घे. विटा, लाकडी ठोकळे किंवा नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे मी तुला करू देणार नाही. तुझ्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटमध्येच (शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या उभ्या जोडणीत) अडकलेली असल्याने आर्म सुटला तरी ती उसळत नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवरच टेकलेली असते तिथे हे काम जिवावर बेतू शकते, तेव्हा शेजारच्याची गाडी याच उत्साहात उघडायला घेऊ नकोस.

पाने जुने नकोत. झिजलेला बारा कोनी पाना गंजलेल्या बोल्टचे डोके गोल करून टाकतो, म्हणून षटकोनी गोट्याच (सॉकेट) घे. १२, १४, १७ आणि १९ या मापांवर बरेचसे काम भागेल. नाशिकच्या टापरियाचे पाने मी वापरतो आणि समाधानी आहे. पान्याला पाइप लावून जोर काढण्यापेक्षा अर्धा इंची लांब दांडी बरी. इम्पॅक्ट गन वापरणार असशील तर तिच्यासाठीच्या काळ्या गोट्या घे. चकचकीत क्रोमच्या गोट्या त्या माराने तडकतात. आदल्या रात्री सर्व आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेव.

टॉर्क रेंचला (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्याला) 'चैन' म्हणून तू यादीबाहेर ठेवलेस, ते मला सर्वांत खटकले. ४० ते २०० न्यूटन-मीटर मोजणारा घे, आकडे तुझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घे आणि त्या रेंचने बोल्ट सोडवू नकोस. बुशचे रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि आर्म हलतो तेव्हा ते पिळले जाते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळलास तर गाडी जमिनीवर येताच ते कायम पिळलेले राहील आणि लवकर फाटेल. म्हणून गाडी उचलण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेव. शेवटी आर्मच्या टोकाखाली दुसरा जॅक लावून तीच उंची आण आणि मगच बुशचे बोल्ट पूर्ण आवळ. यासाठी दोन जॅक लागतील. गाडीबरोबर आलेला जॅक दुसरा म्हणून चालेल, पण त्याच्या भरवशावर खाली मात्र झोपू नकोस. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घे.

आधी टायरखाली पहार घालून बॉल जॉइंटची ढिलाई तपास आणि काय आढळते ते कळव. बुशची मापे पाठवलीस तर वाट्यांचे चित्र काढून देईन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश