टायरला बटनं आहेत, पण वय झालंय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, टायरचे फोटो मिळाले. "गाडी चालतेच कुठे, बटनं शाबूत आहेत, उगाच खर्च कशाला?" हे तुमचं म्हणणंही ऐकलं. फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहूनच पाठवते, म्हणजे मधेच माझं बोलणं तोडता येणार नाही.

बटनं, म्हणजे टायरवरची नक्षी, अजून आहे हे कबूल. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. बऱ्याच देशांत कायद्याची हद्द तीच आहे. तुमचे टायर काही गोटा झालेले नाहीत. पण दुसरा फोटो मोठा करून बघा. रिमच्या अगदी वर, टायरच्या गालावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं आहे. हे झिजेचं लक्षण नाही, वयाचं आहे. ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. उलट चालत्या गाडीचा टायर सतत दबतो-सुटतो, तेव्हा रबरातलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं; उभ्या गाडीला तेवढाही आधार नसतो. ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेलं रबरबँड ताणलं की तटकन तुटतं, तसंच हे.

वय टायरवरच लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. तुमच्या टायरवर ३२१८ आहे, म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कसेही दिसत असले तरी बाद, असं टायर कंपन्याच सांगतात. भेगा पडल्यावर मात्र मी दहा वर्षांची वाट बघणार नाही.

आता नवे कोणते घ्यायचे? माप आहे तेच ठेवा: १८५/६५ आर १५. रुंदी १८५ मिलिमीटर, गालाची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, म्हणजे टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, आणि रिम १५ इंची. पुढे ८८ एच आहे. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार चालतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. तुम्ही ऐंशीच्या वर जात नाही हे आई शपथेवर सांगेल, तरीही यापेक्षा कमी भाराचा आकडा किंवा कमी वेगाचं अक्षर घेऊ नका. दुकानदार "थोडे रुंद घ्या, गाडी भारदस्त दिसते" असं म्हणेलच. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, शिवाय पेट्रोलही थोडं जास्त जातं. तुम्हाला भारदस्त दिसायचं असेल तर मिशा आहेतच.

तो दुसरं आमिष दाखवील जास्त किलोमीटर टिकणाऱ्या टायरचं. माझं खरं म्हणणं इथेच आहे. जास्त टिकावं म्हणून रबराचं मिश्रण कडक केलं, तर बहुधा ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. तुमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होणार. मग न वापरल्या जाणाऱ्या किलोमीटरसाठी पैसे का मोजायचे? ओल्यात लवकर थांबणारा आणि ताज्या तारखेचा टायर मागा. सवलतीत मिळणारा माल कधीकधी गोदामात बराच काळ पडलेला असतो.

चारही एकदम बदला. दोनच बदलायचे ठरलं तर नवे मागे लावायला सांगा. "गाडी पुढून ओढते, नवे पुढेच" असं बरेच जण ठामपणे सांगतात. पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की बहुधा सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला आवरणं भल्याभल्यांना जमत नाही.

व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे ओघाने आलंच. हवा मात्र दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, टायर थंड असताना. टायरच्या गालावर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी भरायची नसते.

आई, बाबा दुकानात गप्पांत रमतील. म्हणून रिमवर चढवण्याआधी चारही टायरचे अंक वाचायचं काम तुझं. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नका. ती कधी रस्त्याला लागलीच नाही म्हणून नवी दिसते, पण वय तिचंही तेवढंच असणार. तिचे चार अंक मला आधी कळवा, मग चार घ्यायचे की पाच ते ठरवू.

तुमची,
लेक