मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबा, हे सांगणं आता थांबवा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कधी करायची आणि ती यशस्वी झाली असं कधी म्हणायचं, याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

माझी आई ७२ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं चष्मा न लावता सुईत दोरा ओवला. घरात केवढा आनंद! चाळिशीपासून नाकावर असलेला जवळचा चष्मा तिनं डबीत ठेवून दिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुई ओवून दाखवू लागली. गेलेली नजर परत आली, असंच आम्ही सगळे समजत होतो. खरं तर ती तेव्हाच जायला लागली होती. हे आम्हाला फार उशिरा समजलं, म्हणून हे पत्र.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. त्याचा व्यास जेमतेम ९ मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, आणि त्यातल्या बहुतेक पेशींना केंद्रकही नसतं, कारण प्रकाशाच्या वाटेत काही आडवं येऊन चालत नाही. या स्वच्छपणाची किंमत अशी, की शरीरात इतरत्र होते तशी इथे जुन्या मालाची बदली होत नाही. जन्मभर बाहेरून नवे थर चढत राहतात आणि जुने आत दाबले जातात. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं माणूस आईच्या पोटात असताना तयार झालेली असतात, आणि तीच शेवटपर्यंत पुरवायची असतात. साठ-सत्तर वर्षांत ती झिजतात, एकमेकींना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि आलेला प्रकाश सरळ आत जाण्याऐवजी विखुरतो. मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला झालेला मार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि उन्हातले अतिनील किरण हे सगळं लवकर घडवून आणतात. ‘डोळ्यावर पडदा आला’ असं आपण म्हणतो खरं, पण वरून काहीच येत नाही. आतलं भिंगच गढूळ होतं. म्हणूनच कुठल्याही थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

आईची सुई याच गढूळपणाची करामत होती. गाभा घट्ट होत गेला की भिंग प्रकाशाला जास्त वाकवतं, डोळ्याला ‘वजा’चा नंबर येतो आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं. घरच्यांना नसतं. एखाद्या आजीला अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं तर आधी डोळे तपासून घ्या, एवढं एक वाक्य जरी आपल्या खात्याच्या भित्तिपत्रकावर आलं तरी पुष्कळ होईल.

वर्षभरानं दूरचं अंधुक झालं, तेव्हा तिला तपासायला नेलं. अंधाऱ्या खोलीत बसवलं, समोर उजळलेल्या पांढऱ्या तक्त्यावर काळीकुळकुळीत अक्षरं. तिनं डोळे बारीक करून एकेक ओळ वाचली. कागदावर ‘६/१२’ लिहिलं गेलं, म्हणजे निरोगी डोळ्याला जे १२ मीटरवरून वाचता येतं ते तिला ६ मीटरवरून येत होतं. “ठीक आहे, अजून पिकला नाही. पिकला की या.” एवढं ऐकून आम्ही बाहेर आलो.

बाहेर ऊन होतं. दाराबाहेर चारच पायऱ्या, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या. पहिल्या पायरीवर आई थांबली, एक हात कपाळावर धरला आणि दुसऱ्या हातानं हवेत कठडा चाचपू लागली. मी म्हटलं, “अगं, उतर की.” ती म्हणाली, “पायरी कुठं आहे?” आत जिनं पाचवी ओळ वाचून दाखवली होती, तिला दोन मिनिटांनी पायाखालची पायरी दिसत नव्हती.

महोदय, माझं सगळं म्हणणं त्या चार पायऱ्यांवर आहे. तक्ता खोटं सांगत नाही, पण तो एकच प्रश्न विचारतो : गडद काळं आणि शुभ्र पांढरं यातला फरक अंधाऱ्या खोलीत किती बारीक कळतो? आयुष्यात असे प्रश्न कमी येतात. राखाडीवरचं राखाडी ओळखावं लागतं, खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखावा लागतो. रात्री समोरून दिवे आले की क्षणभरात रस्ता शोधावा लागतो. गढूळ भिंगावर झगझगीत प्रकाश पडला की तो सगळ्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागे जिथे चित्र उमटतं त्या पडद्यावर, पसरतो आणि चित्र धुवून निघाल्यासारखं फिकं पडतं. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, ऐन मध्यावर असेल तर आणखी कठीण : उन्हात बाहुली आकसते आणि प्रकाशाला नेमका त्या डागातूनच जावं लागतं. अशा माणसाला संध्याकाळी दिसतं आणि भर दुपारी दिसत नाही. घरचे म्हणतात, नाटक करते.

आईनं तक्रार केली नाही. म्हातारी माणसं करत नाहीत. ती आपलं जग आवरतं घेतात. तिनं आधी संध्याकाळचं फिरणं सोडलं, मग शिवणकाम. ओळखीच्या बाईला हाक न मारता पुढे गेली म्हणून ती बाई रुसली, तेव्हापासून समारंभांना जाणंही बंद. “आता वय झालं,” हे तिचं एकच उत्तर. आम्हीही ते मान्य केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. आठ महिन्यांनी जिन्याची शेवटची पायरी तिला जमीन वाटली आणि ती पडली. मनगट मोडलं.

हा योगायोग नव्हता. सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांच्यात पडण्याचं प्रमाण वाट पाहणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं. त्यांच्यातली हाडं मोडण्याची संख्याही कमी होती.

‘पिकू द्या’ हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. एके काळी अख्खं भिंग त्याच्या वेष्टणासकट काढत, मोठा छेद घेत, टाके घालत, आणि रुग्णाला कितीतरी दिवस न हलता पडून राहावं लागे. काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. पुढे जन्मभर जाडजूड चष्मा, त्यातून सगळं मोठं आणि कडेला वाकडं दिसे. एवढं सोसून मिळणारी नजर आधीच्या नजरेपेक्षा चांगली असायची तर आधीची जवळजवळ संपलेली असणंच बरं. शिवाय पिकलेलं भिंग काढायला सोपं जाई. तेव्हा हिशेब बरोबर होता.

तो बदलला त्यालाही आता पाऊणशे वर्षं झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रशल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं, की डोळा ते कण निमूट सहन करतो. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. आज तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून हे काम होतं, बहुतेकदा एकही टाका लागत नाही, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

आता हिशेब उलटा झालाय. भिंग जितकं पिकेल तितकं कडक होतं. ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाच्या, आतल्या थरातल्या पेशी त्यात मरतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फारच पिकलं तर भिंग फुगतं किंवा पाझरू लागतं, डोळ्यातला दाब वाढतो आणि कायमचं आंधळेपण येऊ शकतं. म्हणजे जो सल्ला रुग्णाला जपण्यासाठी होता, त्यानंच आता इजा होते. तरीही तपासणीच्या टेबलामागून तो रोज दिला जातो, कारण तो पूर्वीपासून दिला जातो आणि रांग लांब असते. रांगेची अडचण मला कळते. पण माणसं पुरी पडत नाहीत म्हणून वाट पाहा, असं खरं सांगावं. ‘पिकला नाही’ म्हटलं की रुग्णाला वाटतं, दोष आपल्याच डोळ्याचा आहे.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी तक्ता वाचायला लावलाच, पण त्याआधी विचारलं, “आजी, पूर्वी करत होतात आणि आता करता येत नाही, असं काय आहे?” आई दहा मिनिटं बोलत होती. इतकं काही तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ती पलंगावर बसून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. मग चादरीवरून हात फिरवत म्हणाली, “ही निळी आहे होय? मी करडी समजत होते.” गढूळ भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवतं. इतकी वर्षं ती पिवळ्या काचेतून बघत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून माझी पहिली मागणी अशी : शस्त्रक्रिया कधी करायची हे ठरवताना तक्त्याबरोबर तो एक प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर केसपेपरवर लिहिणं सक्तीचं करा. प्रखर प्रकाशात आणि फिक्या अक्षरांवर नजर तपासण्याची साधनं फार खर्चिक नाहीत. ती प्रत्येक तपासणी केंद्रात असू द्या.

दुसरी आपल्या अहवालांबद्दल. त्यात किती शस्त्रक्रिया झाल्या हे ठळक छापलेलं असतं. किती जणांना दिसू लागलं हे नसतं. जागतिक आरोग्य परिषदेनं २०२१ मध्ये २०३० साठी जे उद्दिष्ट स्वीकारलं, ते नुसत्या शस्त्रक्रियांचं नाही. ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी किती जणांना शस्त्रक्रियेनंतर चांगलं दिसतं, ते प्रमाण मोजायचं आहे आणि ते ३० टक्के बिंदूंनी वाढवायचं आहे. डोळ्याची लांबी नीट न मोजता भिंगाचा नंबर चुकला, नंतर लागणारा चष्मा दिलाच नाही, मागच्या दृष्टिपटलाचा आजार आधी पाहिलाच नाही, तर आकडा एकानं वाढतो आणि माणूस आंधळाच राहतो. महिना-दीड महिन्यानं रुग्णाला परत बोलावून नजर मोजा आणि तो आकडा छापा. काहींना पुढे महिन्या-वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागतं, कारण भिंगामागचं मूळ वेष्टण धुरकटतं. लेझरनं ते काही मिनिटांत मोकळं होतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून लोक ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणत घरी बसतात.

आणि दुसरा डोळा. एक डोळा लख्ख आणि दुसरा गढूळ असला की खोलीचा अंदाज चुकत राहतो. पण कित्येक ठिकाणी एक डोळा झाला की रुग्णाचं नाव यादीच्या तळाशी जातं. तसं होऊ देऊ नका.

आईचा डावा डोळा गेल्या महिन्यात झाला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र मागच्याच आठवड्यात ‘पिकला की या’ सांगून सहा महिन्यांनंतरची तारीख दिली आहे. तोवर जिन्याची शेवटची पायरी त्यांना कळावी म्हणून आईनं स्वतः खाली बसून तिच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली आहे.

आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी